गंभीर नाटकंच केलीत आणि आता फार्स (लपवाछपवी आणि गोंधळावर चालणारं विनोदी नाटक) बसवायचाय?

पहिलं काम म्हणजे टेबलाभोवती बसून पात्राच्या बालपणावर दिवसेंदिवस चर्चा करायची सवय बाजूला ठेवा. वाचन दोन-तीन बैठकांत आटपा आणि नटांना उभं करा. फार्समध्ये या माणसाला आत्ता काय लपवायचंय आणि कोणापासून एवढं पक्कं असलं की बरंचसं भागतं, बाकीचं मानसशास्त्र मागून येतं, नाही आलं तरी फार अडत नाही.

मग एक तक्ता करा, कोण कुठल्या दारातून आलं, कुठून गेलं, कोणाला काय माहितीये आणि नाटकात एखादी लपवलेली चिठ्ठी असेल तर ती या घडीला कोणाच्या खिशात आहे. कंटाळवाणं काम आहे पण टाळू नका. जॉर्ज फेदो (१८६२–१९२१) हा फ्रेंच फार्सकार हालचालींच्या सूचना फार बारकाईने लिहायचा, आणि गंभीर नाटकवाल्यांना अशा सूचना आल्या आल्या खोडायची खाज असते. आधी लिहिलंय तसं करून बघा, खोडायचं ते नंतर खोडा.

आता दारं. जमिनीवर टेप मारून चालणार नाही, तालमीत खरीखुरी उघडणारी-लागणारी दारं लागतात, अगदी साध्या चौकटी ठोकल्या तरी चालेल, पण दार कुठल्या बाजूला उघडतं हे नेपथ्यकाराशी आधीच ठरवा, नाहीतर एन्ट्री घेणारा नट दारामागेच झाकला जातो. समजा नवरा डावीकडून सटकला आणि बायको उजवीकडून आली. एक दार लागतं आणि त्याच ठोक्यावर दुसरं उघडतं, तर हशा. मध्ये एका श्वासाची फट पडली की प्रेक्षक नुसता दाराकडे बघत बसतो. हा तुकडा संवाद न बोलता, आधी हळू आणि मग वेगात, कंटाळा येईपर्यंत करून घ्या.

नटांना मात्र हसवायला जाऊ देऊ नका. पात्राला ते संकट जिवावरचं वाटलं पाहिजे, आणि इथे तुमचं जुनं शिक्षण पुरेपूर कामाला येतं. नट स्वतःच मजा घेतोय असं दिसलं की प्रेक्षक थंड पडतो.

काही दिवसांनी तालमीत कोणीच हसणार नाही, तुम्हीसुद्धा नाही. घाबरून नवे पंच घुसडू नका, बाहेरची चार माणसं बोलवा आणि स्टेजकडे नाही तर त्यांच्याकडे बघा. तुम्हाला लाडका वाटणारा पॉज तिथे फुकट गेला तर तो काढा, सहाय्यकाने सुचवलेली हशाची जागा चालली तर ती ठेवा, यात कमीपणा कसला! हशा कसा घ्यायचा तेही तिथेच शिकवा, हशा चढतो, उतरायला लागतो, तेव्हाच पुढचं वाक्य उचलायचं, पूर्ण शांत होऊ दिला की टेम्पो गेला. आणि हशा आलाच नाही तर वाट न बघता पुढे जायचं.

प्रयोग सुरू झाले की नट जागा वाढवायला लागतात, ते होणारच. अधूनमधून घड्याळ लावून बसा, अंक लांबलाय असं दिसलं तर तालीम लावा आणि वाढलेलं सगळं काढा, टाळ्या घेणारंसुद्धा.