त्रिकोण उलटा धरला तरी त्रिकोणच: लहान मुलांना आकार कसे शिकवावेत

भिंतीवर तक्ता लावला, मूल रोज "गोल, चौकोन, त्रिकोण" म्हणू लागलं, की आपल्याला वाटतं आकार आले. आता तोच त्रिकोण टोक खाली करून दाखवा. बरीच मुलं गप्प होतात. तक्त्यातलं चित्र पाठ झालेलं असतं, आकार हाताखालून गेलेलाच नसतो.

म्हणून सुरुवात हातापासून करा. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला आधी दोनच आकार द्या: एक बांगडी आणि जुन्या लग्नपत्रिकेतून कापलेला चौकोन. कडेवरून त्याचं बोट फिरवा. बांगडीवर बोट कुठेच अडत नाही. पत्रिकेच्या कोपऱ्याशी मात्र थांबून वळावं लागतं. हे दोन-चार दिवस होऊ द्या.

नावांसाठी माँटेसोरी पद्धतीतल्या तीन पायऱ्या फार उपयोगी आहेत. आधी आपण सांगायचं, "हा गोल, हा चौकोन." मग मागायचं, "चौकोन दे बरं." "हे काय?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी. आपण नेमकी त्यानेच सुरुवात करतो, पाहुण्यांसमोर तर हमखास. मूल चुकलं तर न रागावता पहिल्या पायरीवर परत या.

त्रिकोणाच्या वेळी आपली भाषाच मदतीला येते: त्रिकोणात तीन, चौकोनात चार, आकडा नावातच आहे. प्रत्येक कोपऱ्यावर कणकेची गोळी ठेवून मोजायला लावा. वहीच्या पानाला मूल चौकोन म्हणालं तर ते बरोबरच आहे. चौरस आणि आयत हा भेद नंतर आला तरी चालतो.

खरी मजा पोळपाटावर आहे. कणीक लाटा, कातण्याने उभ्या-आडव्या रेघा मारून चौकोन पाडा. एक चौकोन टोकावर उभा फिरवा. मूल "पतंग!" म्हणेल. "हो, पण कोपरे किती?" मोजून चारच भरतात. आता तो कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कापा. दोन त्रिकोण मिळतात. ते आडवे, उलटे, तिरके ठेवून दर वेळी कोपरे मोजा. लांबुडका, निमुळता त्रिकोणही आवर्जून कापा, कारण तक्त्यावर तो सहसा नसतो.

पेन्सिलीची घाई नको. बघून गोल काढणं साधारण तिसऱ्या वर्षी जमतं, चौकोन चौथ्या आणि त्रिकोण पाचव्या वर्षाच्या आसपास. तोवर कणकेतून अचूक त्रिकोण उचलून देणाऱ्या मुलाला तो कागदावर काढता आला नाही, तरी काहीच बिघडत नाही.