वलगणीची रात्र: तिथी, पाऊस आणि पाग

पहिल्या पावसाच्या रात्री बॅटरी घेऊन बांधावर पळणारे निम्मेअधिक लोक रिकामी पिशवी घेऊन घरी येतात आणि "यंदा मासाच नाय" म्हणत झोपतात. मासा असतो, पाऊस चुकलेला असतो. मे अखेरीस एखादा वळीव येतो, रोहिणीत दोन सरी पडतात, तेवढ्याने वलगण, म्हणजे पहिल्या मोठ्या पावसात अंडी घालायला माशांचं खाडीतून शेताकडे चढणं, लागत नाही. उन्हाळाभर तापून भेगाळलेली जमीन आधी स्वतः पिते. तिची तहान भागली, खाचरं काठोकाठ भरली आणि बांधावरून पाणी खाडीकडे उतरायला लागलं, की मग खाडीतल्या गाभोळीने (अंड्यांनी) भरलेल्या चिवणीला, या बिनखवल्याच्या काटेरी माशाला, गोड्या पाण्याचा वास लागतो आणि ती प्रवाहाच्या उलट चढायला निघते. शेतात पाणी साचेपर्यंत घरात बसून जाळं तपासावं हे बरं.

मी गोराई गावातला. दिवसा बोरिवलीला पंखे आणि पाण्याच्या मोटारी रिवाइंड करतो, फेरीबोटीने ये-जा. जून आला की गिऱ्हाईक पंखा बाजूला ठेवतं आणि विचारतं, "मग, वलगणीला कधी येऊ?" एकेकाला सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

आधी पावसाचं. मृग नक्षत्र 7-8 जूनला लागतं आणि मान्सून मुंबईत पोचण्याची सरासरी तारीख हवामान खातं 11 जून धरतं. पण तारखेवर जाऊ नका, मिलिमीटरवर जा. 24 तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की खातं त्याला जोरदार म्हणतं. खात्याच्या सांताक्रूझ केंद्राचा आकडा रोज सकाळी साडेआठपर्यंतचा मोजलेला असतो. लागोपाठ दोन सकाळी आकडा त्याच्या आसपास किंवा वर दिसला, की माझे कान टवकारतात. मात्र सांताक्रूझला पडलेला पाऊस गोराईत पडलाच असेल असं नाही, म्हणून शेवटचा निकाल शेत देतं. संध्याकाळी खाचरात पिवळेधमक बेडूक ओरडायला लागले आणि बांधाच्या बिळांतून मुठे (शेतातले खेकडे) बाहेर पडून वाटेवर फिरायला लागले, की समजायचं, जमीन भरली.

आता तिथी. इथे शहरातले लोक मोबाइल काढतात. काढा, पण आमचा हिशेब तोंडी होतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जेवढे येतील तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पुनव-अवसेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते. प्रत्यक्षात अकरा ते बारा धरा. सकाळी तीच, रात्री तीच, मधे साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज वेळ पाऊण-पाऊण तास पुढे सरकते, म्हणून तर पाऊणपट. अर्धा तास इकडेतिकडे होतो, तेवढं चालतं.

या हिशेबातून एक गोष्ट आपोआप निघते, जी आमच्या भाच्याला कॉलेजात जाऊनही कळली नव्हती. मुंबईत मोठं उधाण येतं तेव्हा भरती दुपारी बारा आणि रात्री बाराच्या आसपासच असते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती सगळ्यात लहान असते तेव्हा, ती सकाळ-संध्याकाळ सहाला. म्हणजे रात्रीची भरती आणि उधाणाचं पाणी एकमेकांना धरूनच येतात. आपल्याला लागतात द्वादशीपासून द्वितीयेपर्यंतच्या रात्री, आणि दोन पक्षांतून निवडायचं झालं तर अवसेच्या. अंधार असला की मासा उथळ पाण्यात बिनधास्त येतो. पालिका दरवर्षी साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी काढते, ती भिंतीवर लावा. पण ध्यानात ठेवा, पावसाळ्याच्या सुरुवातीला यादीतल्या मोठ्या भरत्या बहुतेक दुपारच्या असतात, रात्रीची त्यांच्यापेक्षा उतरती. यादीतल्या वेळेत साडेबारा तास मिळवले की रात्रीची वेळ मिळते.

पाऊस आणि तिथी दोन्ही जुळले तर झोप विसरा. पाऊस भरपूर आणि तिथी अष्टमी, तर चार दिवस थांबा. तिथी अवसेची आणि शेत कोरडं, तरी घरीच राहा. दोन्ही जुळायला काही वर्षी जुलै उजाडतो.

जागा निवडताना लोक सगळ्यात जास्त फसतात. रुंद खाडीत पाग, म्हणजे कडेला शिसं लावलेलं हाताने फेकायचं गोल जाळं, टाकून काही उपयोग नाही. शेताचं पाणी जिथे खाडीत पडतं ते तोंड शोधायचं: एखादी उघाडी (बांधातली झाकण लावलेली पाण्याची वाट), किंवा बांधात पाइप घालून केलेली साधी मोरी. उघाडीचं झाकण बाहेरून खाडीने दाबलं की बंद, आतून शेताने दाबलं की उघडं. म्हणून भर भरतीला तिथे सामसूम असते. भरती उलटली, बाहेरचं पाणी वीतभर खाली गेलं की झाकण फटकन उघडतं आणि आत तुंबलेलं गोडं पाणी सुटतं. भरतीबरोबर वर येऊन तिवरांच्या मुळांत थांबलेली चिवणी त्या धारेवर तोंड करून उभी राहते. तो पहिला पाऊण तास, फार तर तास, हाच आपला. पाणी आणखी उतरलं की मासाही उतरतो आणि तुम्ही नुसता चिखल उपसत बसता.

धार नेमकी कुठून जाते ते रात्री डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळतं. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की खाडीचं पाणी कोमट लागतं आणि पावसाचं थंडगार. पोटऱ्यांना एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने कोमट लागेल तिथे थांबायचं. ती शीव. बॅटरी मारलीत तर तिथे फेसाची आणि काडीकचऱ्याची वाकडी रेघ दिसेल, एका अंगाला तांबूस पाणी, दुसऱ्या अंगाला राखाडी. पाग रेघेच्या खाडीकडच्या अंगाला पडला पाहिजे.

एक मात्र कडक सांगतो. तोंड शेताचं हवं, गटाराचं नको. दहिसर नदी आमच्या मनोरी खाडीलाच येऊन मिळते, आणि पहिल्या मोठ्या पावसात शहराचं आठ महिन्यांचं साचलेलं सगळं घेऊन येते. नाल्याच्या तोंडाशीही मासा मिळतो, कधी कधी जास्तच मिळतो. तो खाऊ नका, विकू तर त्याहून नका. राष्ट्रीय उद्यानातले ओढे आणि ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य यांचा विचारही नको. बांध कुणाच्या तरी शेताचा असतो, तेव्हा दिवसाउजेडी जाऊन मालकाला विचारून ठेवा. रात्री बारा वाजता बॅटरी हलताना दिसली की गाव आधी शिव्या घालतं, मग ओळख विचारतं.

पाग हलका घ्या. आठ-नऊ फूट घेराची त्रिज्या आणि तीन-साडेतीन किलो शिसं नवख्याला पुष्कळ. मोठा पाग म्हणजे जास्त मासा हा गैरसमज. अरुंद मोरीपाशी तो तिवरांत अडकतो आणि मग अंधारात एकेक फांदी सोडवत बसायचं. आस, म्हणजे जाळ्याचं एकेक भोक, एवढा हवा की अंगठा सहज आरपार जाईल. त्याहून बारीक घेतलात तर बोटभर पिल्लं अडकतात आणि ती सोडवण्यात भरती निघून जाते.

टाकायचा कसा, ते घरासमोरच्या अंगणात कोरड्यावर शिका. दोरीचा फास डाव्या मनगटात, वेटोळी डाव्या मुठीत. पाग शेंड्यापासून कंबरेपर्यंत गोळा करून त्याच मुठीत धरायचा. खालच्या घेराचा एक पदर डाव्या कोपरावर टाकायचा, उरलेल्यातला साधारण अर्धा उजव्या हातात. जुनी माणसं शिशाची कड दातात धरतात. तुम्ही धरू नका, शिसं तोंडात घालायची वस्तू नव्हे. मग अंग डावीकडे वळवायचं आणि कंबरेतून परत उजवीकडे फिरवत सोडायचं. हाताने फेकलात तर पाग केळ्यासारखा लांबडा पडतो. आधी उजवा हात सुटतो, त्यापाठोपाठ कोपर, मूठ सगळ्यात शेवटी. नीट पडला तर शिसं पाण्यावर एकदम, एकाच आवाजात वाजतं. तडतड असा तुटक आवाज आला तर न बघता समजावं, वाकडा पडलाय.

पडला की लगेच ओढू नका. शिसं तळाला टेकू द्या, मग दोरी सावकाश, एका लयीत घ्या. घाईने ओढलं की कड उचलली जाते आणि चिवणी खालच्या चिखलातून निसटते. दोरीतून हाताला टकटक लागायला लागली तरी वेग बदलायचा नाही.

उजेड कमी ठेवा. आजोबा गॅसबत्ती नेत, ती बांधावर मागे ठेवत आणि स्वतः काळोखात उभे राहत. आता डोक्याला बांधायची बॅटरी मिळते. तिच्या काचेवर पिवळा जिलेटिन कागद लावा आणि पाण्यावर फक्त मासा काढताना मारा. माझा धंदा विजेचा, म्हणून आणखी एक: चार्जिंगची बॅटरी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून भागत नाही, आत वाफ धरते. बटणाच्या फटीवर सायकल ट्यूबचा तुकडा ताणून बसवा.

एकट्याने जायचं नाही. एक पाण्यात, एक बांधावर. बांधावरच्याचं काम गप्पा मारणं नसून आभाळाकडे आणि पायाखाली बघणं. वीज चमकून गडगडाट लवकर ऐकू आला तर पाग तिथेच सोडून बांधावरून खाली, पक्क्या छपराखाली. भरलेल्या शेतातून सगळे प्राणी बांधावर येतात, तसे सापही. पाणदिवड निरुपद्रवी, पण नाग आणि घोणसही त्याच वाटेने फिरतात, आणि रात्रीच्या बॅटरीत ओळख पटवत बसण्यात शहाणपण नाही. काठी आपटत चाला, गमबूट घाला. पाण्यात मात्र गमबूट नको, चिखल तो धरून ठेवतो. जुने बंद बूट घट्ट बांधून उतरा.

चिवणी हातात कशी धरायची हे न कळता जो पाग उघडतो, त्याची रात्र तिथेच संपते. तिला तीन काटे, एक पाठीवर आणि दोन गळ्याच्या दोन बाजूंना. घाबरली की तिन्ही ताठ उभे करते आणि ते तसेच अडकून राहतात. तळहात पाठीवरून आणा, पाठीचा काटा पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात घ्या आणि अंगठा व मधलं बोट बाजूच्या काट्यांच्या मागून दाबा. आता ती वळवळेल, टरटर आवाज करेल, पण टोचू शकत नाही. जाळ्यात काटा गुंतला तर आस ओढू नका. काट्याला कात्रे असतात, ते धागा आणखी धरतात. मासा मागे ढकला, धागा टोकावरून उचलून काढा.

तरी काटा लागलाच, तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा. उष्णतेने त्याचं विष निवतं आणि ठणका उतरतो, म्हणून थर्मासमध्ये चहाबरोबर एक बाटली नुसतं गरम पाणीही न्या. पाणी आधी चांगल्या हाताने तपासा, दुखरा हात बधिर असतो, भाजल्याचं कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर डॉक्टर, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका, लेप्टो (घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप) इथलाच आहे. उतरल्यावर खरचटलं तर 72 तासांच्या आत डॉक्टरला दाखवून गोळी घ्यायची की नाही ते विचारा. स्वतःच्या मनाने गोळ्या खाऊ नका.

किती धरायचं, यावर आमच्या घरातही भांडणं होतात. समुद्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. ती बंदी यांत्रिक नौकांना आहे, बांधावरच्या पागाला नाही, पण तिच्यामागचं कारण आपल्यालाही तेवढंच लागू आहे. ही चिवणी पोटात अंडी घेऊन चढतेय. मी मोरीचं तोंड कधी अडवत नाही. जाळं आडवं लावून बसणाऱ्यांशी माझं वाकडं आहे आणि ते तसंच राहील. पाग बाजूने टाकायचा, एक टाकला की पाच मिनिटं वाट मोकळी सोडायची. घरच्या दोन वेळच्या कालवणापुरतं झालं की पाग खांद्यावर. पागात जिताड्याचं पिल्लू आलं तर ते ओल्या हाताने उचलून शेताच्या बाजूला सोडायचं. ते पावसाळ्यात असंच आत येऊन मोठं होतं, आणि मोठ्या जिताड्याचा भाव तुम्हाला माहीतच आहे. वाम (सापासारखा लांब मासा) आली तर तुमची मर्जी, आमच्याकडे कुणी खात नाही.

घरी आल्यावर आधी कात्रीने तिन्ही काटे कापा, मग बाकीचं. खवले नसतात, बुळबुळीतपणा असतो. तो जाड मीठ किंवा राख चोळून काढायचा. पोट अगदी हलक्या हाताने चिरा, गाभोळी अखंड निघाली पाहिजे. आमच्या घरी लसणाची फोडणी, घरचा मसाला आणि शेवटची उरलेली कैरी, बस. खोबरं घालणारेही असतात, त्यांच्याशी वाद नको. गाभोळी उकळी फुटल्यावर शेवटी सोडायची आणि पुढे डाव घालायचा नाही, पातेलंच हलवायचं.

झोपण्याआधी पाग नळाच्या पाण्याने दोनदा धुवा. खारट चिखल सुकला की गाठी कडक होतात. वाळवायचा सावलीत, नायलॉनला ऊन खातं, दोन मोसमांत धागा बोटाने तुटायला लागतो. आणि फाटलेला आस दुसऱ्याच दिवशी विणून घ्या, कारण पाऊस टिकला तर वलगण पुढच्या दोन रात्रीही चालते, आणि तिथीप्रमाणे भरती पाऊण तास उशिरा.