‘आधीचा पगार किती होता?’ या प्रश्नाआधीची तयारी

शेतावर बाईमाणसाला कमी मिळतं हे उघड असतं. खुरपणीला आलेल्या बाईचा रोज किती आणि गड्याचा किती, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ऑफिसात दोन्ही आकडे झाकलेले असतात. शेजारच्या टेबलावर तेच काम करणाऱ्या मुलाला किती मिळतं हे कळायला चार-पाच वर्षं जातात, आणि तोवर दरी इतकी वाढलेली असते की एका इन्क्रिमेंटमध्ये भरून निघत नाही. पहिली नोकरी घेणाऱ्या किंवा पहिल्यांदा नोकरी बदलणाऱ्या मुलींसाठी हे लिहिलंय. सीव्ही, लिंक्डइन, मुलाखतीची तयारी हे तुम्हाला येतंच, त्यात शिरत नाही.

सगळ्यात मोठा सापळा एचआरच्या पहिल्या फोनमध्ये असतो. आवाज गोड, प्रश्न साधा: ‘करंट सीटीसी किती? एक्स्पेक्टेशन काय?’ (सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च.) आपण खरा आकडा सांगतो, वर ‘तीस टक्के हाइक मिळाली तर बरं’ असं म्हणतो आणि फोन ठेवतो. इथेच खेळ संपलेला असतो. नव्या कंपनीने त्या पदासाठी कितीही रक्कम बाजूला काढलेली असो, तुमचा पगार आता तुमच्या जुन्या पगारावरून ठरणार.

हे आकड्यांत बघा. दोघांनी एकाच वर्षी सुरुवात केली, तिने वर्षाला 4,00,000 वर, त्याने 4,50,000 वर. तिने कमी का घेतलं? ऑफिस घराजवळ होतं, घरचे म्हणाले ‘मिळतंय ते घे, अनुभव तर येईल’, आणि तो मात्र एकदा ‘थोडं वाढवता येईल का’ असं विचारून आला. फरक 50,000 चा. दोघांना दरवर्षी अगदी सारखी 10 टक्के वाढ मिळाली, तरी पाच वर्षांनी हा फरक 80,526 होतो आणि दहा वर्षांनी 1,29,687. या दहा वर्षांत कोणीही मुद्दाम अन्याय केलेला नाही, दोघांचं रेटिंगही एकच. तिला दरवर्षी 8 टक्केच मिळाले, तर दहा वर्षांनी ती 8,63,570 वर असते आणि तो 11,67,184 वर. पीएफ, ग्रॅच्युइटी, प्रसूती रजेतला पगार, घरासाठी बँक किती कर्ज देईल ते, सगळं त्या लहान आकड्यावर मोजलं जातं. हा हिशोब मांडताना आजही पोटात ढवळतं.

मध्ये ब्रेक घेतला असेल तर नुकसान दुप्पट. दोन वर्षं घरी राहिलेल्या बाईचा ‘शेवटचा पगार’ दोन वर्षांपूर्वीचा असतो. त्या शिळ्या आकड्यावर 20 टक्के चढवून दिले की ‘चांगली हाइक दिली’ असं म्हणायला कंपनी मोकळी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स आणि कॅलिफोर्नियाने 2018 पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारायला बंदी केली, ती नेमकी याच कारणासाठी. युरोपीय संघाच्या 2023 च्या पगार पारदर्शकतेच्या निर्देशातही हीच मनाई आहे. आपल्याकडे तशी बंदी नाही, त्यामुळे तयारी आपणच करायची.

एक गोष्ट आधीच ठणकावून सांगते: खोटा आकडा सांगायचा नाही. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागतात, फॉर्म 16 (पगारातून कापलेल्या आयकराचा दाखला) मागतात, यूएएन म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरावरून नोकऱ्यांच्या तारखा तपासतात. खोटं उघडं पडलं की ऑफर जाते, कधी रुजू झाल्यावरही जाते. ‘थोडं वाढवून सांग गं, सगळे सांगतात’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणीचं ऐकू नका.

मग बोलायचं काय? आधी समोरच्याचा आकडा काढा: ‘या पदासाठी तुमचं बजेट किती आहे ते कळलं तर दोघांचाही वेळ वाचेल.’ ते पुन्हा तुमचा पगार विचारतील. तेव्हा: ‘माझा सध्याचा पगार वेगळ्या जबाबदारीचा आहे. या कामासाठी माझी अपेक्षा साडेसात लाख आहे.’ तरीही अडून बसले तर खरा आकडा सांगा, पण त्याच वाक्यात अपेक्षाही सांगा, टक्क्यांत नाही, रुपयांत. ‘सात ते आठ’ म्हणू नका, समोरच्याला फक्त सात ऐकू येतं. आकडा सांगून झाला की गप्प बसा. समोर शांतता पसरली की ‘पण थोडं इकडेतिकडे चालेल’ हे वाक्य आपोआप ओठांवर येतं. ते गिळा. ऑनलाइन फॉर्ममध्ये जुना पगार भरणं सक्तीचं असेल तर खरा भरा, अपेक्षेच्या रकान्यात मात्र त्यावर टक्के चढवून येणारी रक्कम लिहू नका.

साडेसात कुठून आले? विचारून. त्या कामातल्या किमान पाच जणांना विचारा, आणि त्यात किमान तीन पुरुष हवेत. हा माझा हट्टच समजा. आपण संकोचाने फक्त मैत्रिणींना विचारतो, त्यांनाही कमीच मिळत असतं, आणि तोच बाजारभाव वाटायला लागतो. ‘तुला किती मिळतात’ असं विचारू नका. ‘तीन वर्षांच्या अनुभवाला या कामाचे किती मागावेत’ असं विचारलं की बहुतेक जण सरळ सांगतात. कंपनी शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या एक हजारांपैकी असेल तर तिचा वार्षिक अहवाल उघडा. बीआरएसआर (व्यवसायाची सामाजिक जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल) नावाचा भाग असतो, त्यातल्या पाचव्या तत्त्वाखाली पुरुष आणि स्त्रियांचं मध्यक वेतन, म्हणजे रांगेत बरोबर मधल्या माणसाचा पगार, वेगवेगळं छापलेलं असतं. एकाच पदावरचा फरक त्यातून कळत नाही, पण बायका वरच्या जागांवर आहेत की सगळ्या खालच्या पायऱ्यांवर, त्याचा अंदाज येतो.

ऑफर आली की लगेच ‘हो’ म्हणू नका. दोन दिवस मागा आणि ब्रेकअप, म्हणजे पगाराची फोड, लेखी मागा. 6,00,000 चा सीटीसी घ्या. त्यात 10 टक्के व्हेरिएबल (कामगिरी बघून मिळणारा भाग) म्हणजे 60,000, ते मिळेलच असं नाही. बेसिक, म्हणजे मूळ पगार, निम्मं, 3,00,000. त्यावर कंपनीचा पीएफ 12 टक्के, 36,000. ग्रॅच्युइटी 4.81 टक्के, 14,430. उरले 4,89,570, म्हणजे महिना साधारण 40,800. त्यातून तुमचा पीएफ 3,000 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात 37,600. सहकाऱ्याचा सीटीसीही सहा लाख असेल, पण त्याचं व्हेरिएबल 5 टक्के असेल, तर तुमचे पगार सारखे नाहीत. आणि महाराष्ट्रात महिना 25,000 पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना 2023 पासून व्यवसाय कर माफ आहे. तुमचा पगार तेवढाच असून स्लिपमध्ये ‘पीटी’ (व्यवसाय कर) समोर 200 दिसले तर पेरोलला मेल टाका. लहान कंपन्यांत ही चूक वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही.

आता पदाच्या नावाकडे या. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीविरुद्ध ऑड्री डिकोस्टा हा खटला निकाली काढला. तिथे ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ असा वेगळा वर्ग होता आणि त्यांना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार होता. कंपनीचं म्हणणं, काम वेगळं, शिवाय युनियनशी करार झालेला आणि पैशांची तंगी. न्यायालयाने तिन्ही नाकारलं. काम सारखं आहे का हे ठरवताना बारीकसारीक फरक उगाळायचे नाहीत, ही त्या निकालातली कामाची गोष्ट. आज ‘लेडी’ शब्द गेलाय, पण त्याच टीममध्ये मुलगा ‘प्रोजेक्ट इंजिनिअर’ आणि मुलगी ‘प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर’ असते. रुजू होण्याआधी पद आणि ग्रेड दोन्ही लेखी विचारा. ‘नंतर बदलून देऊ’ यावर विश्वास ठेवू नका.

रुजू झाल्यावरची गळती अप्रेझलमध्ये, म्हणजे कामाच्या वार्षिक मूल्यमापनात, होते. मीटिंगचे मिनिट्स, नव्या लोकांना सगळं समजावणं, दिवाळीची रांगोळी, कार्यक्रमाचं सूत्रसंचालन, ही कामं ‘तुलाच छान जमतं’ म्हणून येतात आणि अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्यांना रकानाच नसतो. पाळी लावायला सांगा: ‘या आठवड्याचे मिनिट्स मी केलेत, पुढचे कोण करणार?’ मेंटॉरबद्दल माझं मत कडक आहे. आत्मविश्वास वाढवा, ठामपणे बोला, असं शिकवणारा मेंटॉर उपयोगाचा नाही. ज्या खोलीत रेटिंग ठरतं त्या खोलीत बसणारा आणि तिथे तुमचं नाव घेणारा माणूस हवा. त्याच्या हातात फेब्रुवारीतच एक पान द्या: वर्षभरात काय केलं, त्याने किती तास किंवा पैसे वाचले. मार्चमध्ये आकडे ठरून गेलेले असतात.

रात्रपाळीचंही असंच. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात बाईला तिच्या संमतीनेच काम देता येतं, आणि सुरक्षितता व घरापर्यंतची गाडी ही मालकाची जबाबदारी असते. काळजीच्या नावाखाली न विचारताच पाळीतून नाव काढलं, की पाळीचा भत्ता जातो आणि ‘हिने क्रिटिकल सपोर्ट केलेला नाही’ हा शेरा पुढे बढतीत आडवा येतो. नको असेल तर खुशाल नाही म्हणा. हवी असेल तर मेलवर संमती द्या आणि गाडी मागा.

मुलाखतीत ‘लग्नाचं काय ठरलंय?’ हे अजूनही विचारतात. ‘कामाच्या वेळा आणि प्रवास मला जमणार आहे’ एवढंच उत्तर पुरे. 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवलंय की श्रीमंत देशांत एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी पहिल्या मुलाच्या जन्मानंतर रुंदावते. म्हणून रजेची तयारी रजेआधी करा. आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा हा हक्क आहे. त्या काळात कामावरून काढणं किंवा नोकरीच्या अटी तुमच्या तोट्यात बदलणं बेकायदा आहे. जाण्याआधी मॅनेजरला मेल टाका: सध्याचं पद, हातातली कामं, आणि ‘या वर्षाचं रेटिंग मी हजर असलेल्या महिन्यांच्या कामावर व्हावं.’ घाबरू नका, असा मेल टाकणं म्हणजे भांडण नव्हे. परतल्यावर ‘तुला हलकं काम देतो’ म्हणाले तर ग्रेड आणि व्हेरिएबल तेच राहील का, हे आधी विचारा.

लैंगिक छळाची तक्रार कंपनीतल्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत करायची हे माहीत असेल. फारसं माहीत नसतं ते असं: चौकशी सुरू असताना त्या माणसाने तुमचं अप्रेझल लिहू नये, ते दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं, अशी लेखी मागणी समितीकडे करता येते. लैंगिक छळविरोधी कायद्याच्या 2013 च्या नियमांत ती तरतूद आहे. तक्रारीच्या अर्जासोबतच ही मागणी करा, नाहीतर सूड रेटिंगमधून निघतो.

पगारातला फरक पक्का कळला तर आधी एचआरला शांत भाषेत मेल: माझं काम हे, त्याच कामाचा पगार अमुक असल्याचं समजलं, फरकाचं कारण लेखी कळवावं. सहकाऱ्याचं नाव घालू नका, तो अडचणीत येईल. उत्तर आलं नाही तर कामगार आयुक्तांचं कार्यालय. 1976 च्या समान वेतन कायद्याची जागा घेणारी 2019 ची वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. सारख्या किंवा सारख्या स्वरूपाच्या कामात लिंगावरून पगारात भेद करायला तिच्यात मनाई आहे, आणि ‘कर्मचारी’ या शब्दात मॅनेजरही येतात. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे.

म्हणून ऑफर लेटर, प्रत्येक इन्क्रिमेंट लेटर, रेटिंगची पत्रं आणि सगळ्या स्लिप दर महिन्याला स्वतःच्या ईमेलवर किंवा घरच्या फाइलमध्ये ठेवा. फक्त स्वतःचे कागद, क्लायंटची एक ओळही नको. राजीनाम्यानंतर शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं, आणि मग जुनी स्लिप मागायलाही त्याच एचआरला फोन करावा लागतो.