रिकॉल की सर्व्हिस कॅम्प? चेसिस नंबर सांगेल

वर्कशॉपमधून ‘गाडी घेऊन या’ असा फोन आला, तर रिकॉल आहे का, हे आधी विचारा. रिकॉल म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांसारख्या भागातला सुरक्षेचा दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणं. दुरुस्तीचा खर्च कंपनीचा. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट हे रसायन उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडायचं आणि इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारा भाग, फुटून धातूचे तुकडे उडायचे. कोकण-गोव्याच्या हवेत तर असं काम एक दिवसही लांबवू नका.

पावसाळी सर्व्हिस कॅम्पला मात्र सवडीने जा. तिथे तपासणी बहुधा फुकट, सुटे भाग विकत.

आरसीवरचा 17 अंकाक्षरी चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाका, रिकॉल आहे का ते कळेल. सेकंडहँड गाडी असेल तर नक्कीच, कारण रिकॉलचं पत्र जुन्या मालकाकडे जाऊ शकतं. काम झाल्यावर जॉबकार्डवर रिकॉलची नोंद करून घ्या.