'स्कॅन आलं ना?' : नेटवर्क प्रिंटर लावताना या चुका टाळा

लहान ऑफिसांत प्रिंटर-कॉपियर लावून द्यायचं काम मी करतो. सीए, वकील, पतसंस्था, एखादी शाळा. फोन बहुतेक वेळा एकच असतो: "सर, स्कॅन येत नाहीये." पोचेपर्यंत कोणीतरी आधीच काहीतरी 'करून' ठेवलेलं असतं.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते स्कॅन टू फोल्डरवरून, म्हणजे स्कॅन मशीनवरून थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये पाठवण्यावरून. मशीन जुनं, कॉम्प्युटर नवा. जुन्या मशीनला फाइल पाठवायला एसएमबीची (नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याच्या विंडोजच्या पद्धतीची) पहिली आवृत्तीच येते, आणि २०१७ च्या शेवटापासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये ती मुळात नसतेच. ती किती धोक्याची आहे ते त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगाला दाखवलं होतं. तरी पोरगा येतो, यूट्यूब बघत 'विंडोज फीचर्स'मध्ये एसएमबी वनवर टिक मारतो, फोल्डरला 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' देतो (म्हणजे कोणीही उघडा, बदला, पुसा), शेअरिंगचा पासवर्ड बंद करतो. स्कॅन आलं. साहेब खूश. पोरगा पाचशे रुपये घेऊन मोकळा.

अशाच एका ऑफिसात दिवाळीच्या तोंडावर अकाउंट्सच्या मॅडमनी सगळ्यांची पगारवाढीची पत्रं स्कॅन केली. आर्टिकलशिपला आलेला एक मुलगा त्याच फोल्डरमध्ये स्वतःचं पॅनकार्ड शोधत होता. मशीन फाइलला नाव देतं ते नुसते आकडे, त्यामुळे बिचारा एकेक उघडत गेला. पाचव्या फाइलला पॅनकार्ड सापडलं, पण आधीच्या चारांत काय होतं ते चहाच्या वेळेपर्यंत अख्ख्या ऑफिसला कळलं. मला फोन आला, "तुमचा प्रिंटर हॅक झालाय!" हॅक कसला डोंबलाचा? दार सताड उघडं होतं.

माझी पद्धत सांगतो, अर्धा तास जास्त जातो. आधी फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर, बघायचं. बऱ्याच मशीनना अपडेटनंतर एसएमबीची पुढची आवृत्ती मिळते. मग कॉम्प्युटरवर फक्त स्कॅनसाठी वेगळा युजर काढायचा, अॅडमिन नसलेला, लांबलचक पासवर्डचा. प्रत्येकाला स्वतःचा फोल्डर. मशीन अगदीच म्हातारं असेल तर मी सरळ पेनड्राइव्हवर स्कॅन करायला लावतो. लोक कुरकुरतात, कुरकुरू देत.

आणि मशीनच्या अॅड्रेस बुकात साहेबांचं लॉगिन कधीही घालायचं नाही. मशीनचं वेब पान (ब्राउझरमध्ये उघडणारं सेटिंगचं पान) पासवर्डविना उघडं असेल, तर कोणीही सर्व्हरच्या जागी स्वतःच्या लॅपटॉपचा आयपी टाकून 'टेस्ट' दाबू शकतो. मेल किंवा एलडॅपचं (ऑफिसच्या युजरांची यादी ठेवणाऱ्या सर्व्हरचं) लॉगिन असेल, तर मशीन ते स्वतःहून त्याच्या हातात नेऊन देतं. याला पास-बॅक म्हणतात, आणि त्याला विशेष अक्कलही लागत नाही. जीमेलने तर मे २०२२ च्या अखेरीस अशा मशीनकडून नेहमीचा पासवर्ड घेणंच बंद केलं. आता टू-स्टेप चालू करून अॅप पासवर्ड (गुगलने फक्त त्या मशीनसाठी बनवून दिलेला वेगळा पासवर्ड) काढावा लागतो, आणि तो ऑफिसच्या वेगळ्या खात्याचा काढा.

दुसरा माझा लाडका घोळ शब्दांचा आहे. कॅननवर 'सिक्युअर्ड प्रिंट', रिकोवर 'लॉक्ड प्रिंट', क्योसेरावर 'प्रायव्हेट प्रिंट'. नावं वेगळी, काम एकच: मशीनपाशी जाऊन पिन टाकल्याशिवाय कागद बाहेर पडत नाही. ट्रेमध्ये पडून राहणाऱ्या कागदांसाठी उत्तम. पण 'सिक्युअर' शब्द वाचून लोक समजतात की कॉम्प्युटरपासून मशीनपर्यंतची वाटही बंद झाली. नाही हो. पोर्ट ९१०० वरून (बहुतेक प्रिंटरांच्या नेहमीच्या वाटेने) जाणारं प्रिंट सहसा उघडंच जातं; पाकिटाऐवजी पोस्टकार्ड. एका वकीलसाहेबांचा विश्वास बसेना, म्हणून त्यांच्याच परवानगीने त्यांच्याच नेटवर्कवर वायरशार्क (नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून दाखवलं. कागद मशीनमध्ये पिनची वाट बघत होता, आणि माझ्या स्क्रीनवर त्यांचं युजरनेम आणि फाइलचं नाव, त्यात अशिलाचं आडनाव, आधीच आलं होतं. वाट बंद करायची तर आयपीपी (प्रिंट पाठवायची दुसरी पद्धत), तेही टीएलएससह, म्हणजे कुलूपबंद करून, चालू करा आणि ९१०० बंद करा. न उचललेली प्रिंट किती तासांनी पुसायची तेही सेट करा, नाहीतर ती मशीनमध्येच मुक्काम ठोकतात.

याचा उलटा घोळही होतो. मशीनचं पान एचटीटीपीएसने (कुलूपबंद जोडणीने) उघडलं की ब्राउझर लाल इशारा देतो, कारण सर्टिफिकेट (मशीनचं ओळखपत्र) मशीनने स्वतःच बनवलेलं असतं. लोक घाबरून एचटीटीपीएसच बंद करतात. इशारा गेला, आणि कुलूपही.

बाकीचं पटापट.

अॅडमिन पासवर्ड बदला. 'आमच्या मशीनला कंपनीचाच युनिक पासवर्ड आहे' हेही सांगू नका. २०२५ मध्ये ब्रदरच्या शेकडो मॉडेलचा मूळ पासवर्ड सीरियल नंबरवरून काढता येतो असं उघड झालं.

घरून प्रिंट काढायला राउटरवर पोर्ट उघडणाऱ्यांना मी हात जोडतो. २०१८ मध्ये एका यूट्यूबरच्या चाहत्याने असेच उघडे सुमारे ५०,००० प्रिंटर गाठून त्यांच्यावर त्याची जाहिरात छापली होती.

एसएनएमपी म्हणजे कॉम्प्युटरने मशीनची खबर विचारायची पद्धत; तिचं पासवर्डसारखं वापरलं जाणारं मूळ 'पब्लिक' नाव बदललंत की विंडोज प्रिंटरला 'ऑफलाइन' दाखवू शकतं. मशीन बिघडलेलं नसतं. प्रिंटरच्या पोर्ट सेटिंगमध्ये जाऊन तेच नवीन नाव द्या, नाहीतर एसएनएमपी स्टेटसची टिक काढा. यासाठी ड्रायव्हर चारदा टाकणारे लोक मी पाहिलेत.

आणि भाड्याचं मशीन परत जाताना आतली हार्डडिस्क पुसा; कागदांच्या प्रती तिच्यात राहिलेल्या असू शकतात. अमेरिकेत एका आरोग्य विमा संस्थेने कॉपियर डिस्क न पुसता परत केले आणि २०१३ मध्ये १२ लाख डॉलरहून जास्त भरले. मी डिस्क पुसल्याचा रिपोर्ट मशीनवरच छापून घेतो, त्यावर साहेबांची सही घेतो, आणि मगच टेम्पोवाल्याला हात लावू देतो.