जनरेटरचा धुराचा पाइप वाढवताय? या चुका टाळा

खानदेशात केळी पिकवण्याच्या खोलीपासून (रायपनिंग चेंबर) मंगल कार्यालयापर्यंत जनरेटर ठेवलेला असतो तो बहुधा मागच्या पत्र्याच्या खोलीत. धूर आत कोंडतो, शेजारी तक्रार करतात, मग वेल्डरला बोलावून हाताशी असेल तो पाइप पुढे जोडला जातो.

सगळ्यात महागात पडणारी चूक व्यासाची. सायलेन्सरला दोन इंची पाइप आहे म्हणून पुढे वीस फूट दोन इंचीच नेतात, वर काटकोनी एल्बो. लांबी आणि प्रत्येक वळण धुराला अडवतं, आणि तो बाहेर ढकलण्यातच इंजिनाची ताकद जाते. लोड टाकला की काळा धूर, डिझेल जास्त, इंजिन गरम. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांजवळ असताना रेडिएटरवर हा वाढीव भार कशाला? अडीच इंची पाइप घेतला तर त्या पाइपाचा अडथळा साधारण एक तृतीयांशावर येतो. वळणं कमीत कमी, आणि तीही मोठ्या गोलाईच्या बेंडची.

शंका असल्यास इंजिन थंड झाल्यावर वाढवलेला भाग सोडा, दारं-खिडक्या उघडून थोडा वेळ लोडवर चालवा आणि तुम्ही बाहेर थांबा. इंजिन मोकळं चाललं तर दोष पाइपाचा; डिझेल पुरवणारे पंप-इंजेक्टर खोलायची घाई करू नका.

पाइपाचं वजन मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर गोळा करणारा भाग) किंवा टर्बोवर (धुराच्या जोरावर इंजिनात हवा भरणारा पंखा) कधीच टाकू नका. स्वतंत्र आधार द्या, मध्ये लवचीक बेलो, म्हणजे घड्यांची धातूची नळी, बसवा. लोखंडी पाइप 400 अंशांनी तापला तर मीटरमागे जवळपास 5 मिलिमीटर वाढतो. भिंतीत सिमेंटने पक्का केला, तर वेल्डिंग किंवा फ्लँज (बोल्टने जोडायची कडी) फुटणारच. भिंतीतून मोठी स्लीव्ह, म्हणजे पाइपापेक्षा रुंद नळी, टाकून पाइप मोकळा न्या.

पाणीही विसरलं जातं. धुरातली वाफ थंड होऊन पाणी मागे इंजिनात उतरतं, म्हणून उतार इंजिनापासून दूर आणि खालच्या जागी ड्रेन हवा. पावसासाठी वर टोपी. दोन जनरेटरचे पाइप एकत्र जोडूच नका. चालू इंजिनाचा धूर बंद इंजिनात शिरतो.

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, तर मी हे कळकळीने सांगेन: उघड्या तापलेल्या पाइपावर कापसाचा तंतू साचू देऊ नका. ग्लास वूल गुंडाळून वर पत्रा लावा, तोंड रुईच्या ढिगाऱ्यापासून लांब ठेवा.

उंचीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र आहे: इमारतीची उंची अधिक 0.2 गुणिले केव्हीएचं (जनरेटरच्या क्षमतेचं एकक) वर्गमूळ, मीटरमध्ये. म्हणजे 25 केव्हीएला छतापेक्षा 1 मीटर वर. खिडकीच्या पातळीवर सोडलेला पाइप घरात कार्बन मोनॉक्साइड आणतो, आणि त्याला वास नसतो. खोलीतल्या जोडांवर काजळीचे डाग दिसले, तर तिथून धूर गळतोय; जोडातलं गॅस्केट (गळती रोखणारी चकती) बदलेपर्यंत जनरेटर सुरू करू नका.