झिंक प्लेटिंगचं पाणी: आधी धुण्याच्या टाक्या, आरओ नंतर

सांगलीजवळच्या कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत लोखंडावर झिंकचा (जस्ताचा) थर देणाऱ्या प्लेटिंग शॉपमध्ये पाणी वाचवायची गोष्ट निघाली की बोलणं थेट आरओवर जातं. घाई करू नका. पाणी खराब होतं धुण्याच्या टाक्यांत, आणि ते आधी तिथेच कमी करायचं. नाहीतर मोठा ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट), मोठा आरओ आणि तेवढंच मोठं वीजबिल मागे लागतं.

सुरुवात बादलीने करा. प्रत्येक टाकीच्या ओव्हरफ्लोखाली 15 लिटरची बादली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. 30 सेकंदांत भरली तर मिनिटाला 30 लिटर, म्हणजे 8 तासांच्या पाळीत 14,400 लिटर पाणी एकट्या त्या कॉकमधून जातं. जेवणाच्या सुट्टीतही तो कॉक चालू असतो का, तेही बघा. बहुतेक ठिकाणी असतो.

मग ठिबक. बाथमधून (केमिकलच्या टाकीतून) वर आलेला बॅरल (सुटा माल भरलेला भोकांचा पिंप) बाथवरच 20 ते 30 सेकंद फिरवत ठेवा. रॅक (माल टांगायची चौकट) असेल तर तिरका धरून 15 सेकंद थांबा. बॅरलची भोकं बुजली असतील तर द्रावण आतच अडकतं आणि पुढच्या टाकीत सांडतं. इथे गेलेलं केमिकल पैसे देऊन घेतलेलं असतं आणि पुढे ईटीपीत ते मारायला पुन्हा पैसे लागतात.

आता मुख्य काम: उलट्या प्रवाहाचं धुणं. समजा, जॉबसोबत (प्लेटिंगच्या मालासोबत) तासाला 2 लिटर द्रावण बाहेर येतं आणि ते हजारपट पातळ करायचं आहे. एकाच टाकीत त्याला तासाला 2,000 लिटर पाणी लागेल. दोन टाक्या जोडून ताजं पाणी शेवटच्या टाकीत सोडलं आणि तिचा ओव्हरफ्लो पहिलीत घेतला, तर हिशेबाने सुमारे 63 लिटर पुरतं. जॉबच्या सांदीकोपऱ्यातलं द्रावण पूर्ण मिसळत नाही, म्हणून प्रत्यक्षात 100 ते 120 लिटर धरा. शेवटच्या टाकीची पातळी पहिलीपेक्षा 5 ते 7 सेंटीमीटर वर ठेवली की पंप लागत नाही. पाणी तळाशी सोडा आणि समोरच्या बाजूने वरून काढा. आत-बाहेर एकाच बाजूला ठेवलं की पाणी टाकी न धुताच निघून जातं. ही चूक फार दिसते. खालून थोडी हवा द्या.

पिकलिंगनंतरच्या (आम्लात गंज काढल्यानंतरच्या) धुण्याचं आम्लयुक्त पाणी डीग्रीझिंगनंतरच्या (अल्कलीने तेल-ग्रीस काढल्यानंतरच्या) टाकीत वापरता येतं, त्याने अल्कलीचा चिकट थर लवकर सुटतो. मात्र डीग्रीझरमध्ये सिलिकेट जास्त असेल तर जॉबवर पांढुरका थर बसतो. आणि लाइनवर सायनाइड बाथ असेल तर हे अजिबात करू नका. आम्ल आणि सायनाइड एकत्र आले की जीवघेणा वायू सुटतो. सायनाइडच्या पाण्याची नळी, टाकी आणि निचरा सगळं वेगळंच हवं.

पिवळ्या पॅसिव्हेशनच्या (झिंक गंजू नये म्हणून वर दिलेल्या क्रोमियमच्या थराच्या) पाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, असतं, म्हणून त्याचीही टाकी वेगळी. पीएच 2.5 वर आणा आणि एक किलो क्रोमियमला साधारण 3 किलो सोडियम मेटाबायसल्फाइट घाला. पिवळा रंग जाऊन हिरवट झाला की अर्धा तास ढवळून मगच ते बाकी पाण्यात मिसळा. पीएच 4 च्या वर असेल तर ही क्रिया फार मंद होते. मग पावडर कितीही ओता. नाल्यात सोडायच्या पाण्यात हे क्रोमियम लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. सांगली शहर कृष्णेचं पाणी पितं, हे इथे विसरून चालणार नाही.

एकत्र केलेलं पाणी चुन्याने पीएच 9 च्या आसपास आणा, म्हणजे झिंक खाली बसतं. 11 च्या पुढे गेलात तर खाली बसलेलं झिंक परत विरघळतं. बाथमध्ये अमोनियम क्लोराइड असेल तर अमोनिया झिंकला धरून ठेवतो आणि ते नीट बसत नाही. पोटॅशियम क्लोराइडचा बाथ त्यासाठी बरा. गाळाच्या गाठी करणारं पॉलिमर घातल्यावर ढवळणं मंद करा, जोरात ढवळलं की गाठी फुटतात.

निवळलेलं पाणी फरशी, स्क्रबर (वाफा धुणारं यंत्र) आणि डीग्रीझिंगनंतरच्या धुण्याला चालतं. पॅसिव्हेशननंतर वापरू नका, क्षाराचे डाग पडतात. तिथे आरओचं पाणी हवं, आणि आता तो आरओ लहान पुरेल. त्याआधी वाळूचा फिल्टर, कार्बन, 5 मायक्रॉनची कार्ट्रिज आणि अँटीस्केलंट (थर बसू न देणारं केमिकल) लावा, कारण चुन्याचं कॅल्शियम आरओच्या मेम्ब्रेनवर (गाळणाऱ्या पडद्यावर) बसतं. शुद्ध पाणी 10 ते 15 टक्क्यांनी घटलं की मेम्ब्रेन धुवा. त्यापुढे थांबलात तर थर निघत नाही.

फिल्टर प्रेसमधला (गाळ दाबून पाणी काढणाऱ्या यंत्रातला) स्लज, म्हणजे गाळ, घातक कचऱ्यात मोडतो. तो पत्र्याखाली, पक्क्या फरशीवर ठेवा आणि 90 दिवसांच्या आत मॅनिफेस्ट (कचरा पाठवल्याची नोंद) भरून अधिकृत केंद्राकडे पाठवा. जूनच्या आधी शेडचा पत्रा तपासून घ्या, कारण भिजलेल्या पोत्यांतून निघालेलं पाणी ईटीपीत न जाता थेट ओढ्याला मिळतं.